एमटीबीच्या टायरमधला फोम इन्सर्ट: कुठला घ्यावा, कसा बसवावा, हवा किती ठेवावी?

मुरूमवाट

मंडळी, एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) टायरमध्ये फोम इन्सर्ट, म्हणजे टायरच्या आत बसणारी फोमची कडी, टाकायचा विचार आहे. सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), २९ इंची चाकं, ॲल्युमिनियमची ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय टायर बसणारी) रिम, आतली रुंदी ३० मिमी, टायर २.४ इंची. स्वार सामानासकट ८० किलो. वाटा म्हणाल तर नाशिकजवळच्या रामशेज आणि चामरलेण्यांच्या पायथ्याच्या दगडी पायवाटा, गंगापूर धरणामागचा माळ, अधूनमधून दिंडोरीकडचे शिवाररस्ते. मागच्या चाकात २६ पीएसआय ठेवूनही रिम दगडाला लागते. काटे तर पाचवीला पुजलेले.

इन्सर्टने दोन्ही त्रास जातील का? घरी बसवता येतो का? आणि बांधकामवाले सांध्यात भरतात तो बॅकर रॉड स्वस्तात तेच काम करतो म्हणतात, ते कितपत खरं?

कातळकडा

रिमचा त्रास जाईल, काट्यांचा जाणार नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि नाशकात दोन्ही एकत्र भेटतात म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

आपल्याकडचा दगड बेसाल्टचा, त्याच्या कडा तासल्यासारख्या असतात. त्यावर वेगात चाक आदळलं की टायर पूर्ण दबतो आणि रिमची कड व दगड यांच्यात रबर चिमटलं जातं. ट्यूब असेल तर शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, ट्यूबलेस असेल तर टायरच बीडजवळ (रिममध्ये अडकणाऱ्या कडेजवळ) चिरतो, आणि फारच जोर असेल तर रिमला पोचा. इन्सर्ट या कडेवर गादी घालतो. दुसरं काम म्हणजे बीडला आतून बाजूला रेटून धरतो, त्यामुळे कमी हवेत वळताना टायर रिमवरून सुटून फुस्सकन हवा जाणं कमी होतं.

काटा मात्र टायरच्या माथ्यातून शिरतो. तिथे इन्सर्ट टायरला चिकटलेला नसतोच, तो खाली रिमवर असतो, मधे हवा. सराटा असो की बाभळीचा बोटभर काटा, त्यावर इलाज सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेला, भोक आपोआप बुजवणारा द्रव. द्राक्षबागांच्या रस्त्यावर पडलेले तारेचे तुकडे निघाले तर सीलंट आणि वर प्लग (भोकात खुपसायची रबरी वात).

चाकधर

वरच्यांशी सहमत, फक्त एक अपवाद. टॅनस आर्मर नावाचा कोरियन प्रकार ट्यूबसोबत वापरायचा असतो. तो टायरच्या आतल्या बाजूला नालीसारखा बसतो, माथ्याकडे साधारण दीड सेंटीमीटर फोम, बाजूंना पातळ, आणि त्याच्या आत ट्यूब. तो सराट्याला नक्की अडवतो, कारण सराट्याचा काटा जेमतेम अर्धा सेंटीमीटर असतो. बाभळीच्या लांब काट्यासमोर त्याचीही खात्री नाही. त्यात नेहमीपेक्षा एक माप लहान ट्यूब घालावी लागते, कारण जागा फोमने खाल्लेली असते. ज्यांची रिम ट्यूबलेस-रेडी नाही, तारेच्या बीडचे २६ इंची टायर आहेत, त्यांनी हाच रस्ता धरावा. चाक थोडं जड आणि सुस्त वाटेल.

ट्यूबलेसवाल्यांसाठी दोन घराणी. एक रिमला घट्ट आवळून बसणारं: कुशकोअर, रिमपॅक्ट वगैरे. संरक्षण, बीड धरणं, धक्का जिरवणं, तिन्ही कामं करतं. कुशकोअर प्रो २९ इंची साधारण २६० ग्रॅमचा आहे, एक्ससी त्याहून बराच हलका. दुसरं घराणं सैल पट्टीचं: फिनलंडचा हक नॉरिस. सपाट पट्टी, बसवायला पोरखेळ, वजन नगण्य, पण ती फक्त चिमटा टाळते. बीड धरत नाही आणि हवा गेली तर त्यावर घरी पोचता येत नाही.

धागाकर्त्यांच्या वर्णनावरून पहिल्या घराण्यातला, आणि तोही फक्त मागच्या चाकात. हार्डटेलला मागून सगळा मार बसतो, पुढे धक्के झेलणारा फोर्क आहे. पुढचे २६० ग्रॅम वाचवा.

पेठरोडवाला

मी उलटं विचारतो. इन्सर्ट हवाच कशाला? २.४ च्या टायरमध्ये २६ पीएसआय असून रिम लागत असेल तर आधी दोन गोष्टी तपासा. एक, गेज. फ्लोअर पंपाचा काटा १६० पीएसआयपर्यंतचा असतो, त्यावर २६ आणि २१ यांत सुईच्या जाडीएवढा फरक. शून्य ते ६० च्या टप्प्याचा वेगळा डिजिटल गेज घ्या. दोन, टायरचं कवच. हलक्या क्रॉसकंट्री टायरच्या भिंती कागदासारख्या असतात. त्याच मापाचा जाड भिंतीचा एंड्युरो (खडबडीत उतारांसाठीच्या) कवचाचा टायर साधारण इन्सर्टएवढंच वजन वाढवतो, बसवताना घाम काढत नाही, पंक्चर झालं तर रानात हात चिकट होत नाहीत, आणि माथाही जाड असल्याने काट्यालाही थोडा उपयोग. इन्सर्ट ही त्याच्या पुढची पायरी.

कातळकडा

गेजचा मुद्दा शंभर टक्के. कवचाबद्दल अर्धं मान्य. जाड कवच चिरण्यापासून वाचवतं, पण रिमची कड आणि दगड यांच्यामध्ये येणारं रबर जास्तीत जास्त काही मिलिमीटरच वाढतं. पोचा पडायचा तो पडतो. रिम वाकत असेल तर इन्सर्ट, टायर चिरत असेल तर आधी कवच. धागाकर्त्यांनी रिमच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहावं. खड्डा लागला तर उत्तर मिळालं.

मुरूमवाट

बोट फिरवलं. व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूला एक उथळ पोचा आहे, रिमची आतली टेप (स्पोकची भोकं झाकणारी) शाबूत. म्हणजे इन्सर्टच. आता बसवण्याचं सांगा.

सातपूर_टूलरूम

सांगतो, पण घाई करू नका. पहिल्यांदा एका चाकाला तास सहज जातो.

आधी सामान. व्हॉल्व साधा चालणार नाही. साध्या प्रेस्टा व्हॉल्वचं भोक बुडाशी सरळ वर उघडतं आणि त्यावरच फोम बसतो, मग ना हवा आत जाते ना सीलंट. बुडाला आडवी भोकं असलेला इन्सर्टचा व्हॉल्व हवा, चांगल्या इन्सर्टसोबत तो येतोच. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन ते चार मिमी जास्त, म्हणजे तुमच्या ३० ला ३२ ते ३४. टायर चढवायचे प्लास्टिकचे दणकट लिव्हर तीन. लोखंडी पान्याने टेप फाटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या द्रवाचं पातळ पाणी, सीलंट, व्हॉल्वची कोअर (आतली झडप) काढायची चावी. ग्रीस, तेल, पेट्रोल यातलं काहीही रबराजवळ आणू नका.

टेप नवी लावणार असाल तर रिम अल्कोहोलने पुसून कोरडी करा, पोच्याच्या जागी कड कानशीने अगदी हलकी मोडा, म्हणजे टेप आणि बीड कापणार नाही. टेप व्हॉल्वच्या भोकापासून वीतभर अलीकडे सुरू करून ताणत दोन वेढे. भोक ब्लेडने फुलीसारखं कापू नका, ती फुली पुढे फाटत जाते. टोच्या तापवून आरपार करा, कड वितळून गोल राहते. व्हॉल्वचं नट बोटांनीच. पक्कड लावली तर बुडाचं रबर तिरकं होतं, आणि रानात कधी सोडायची वेळ आली तर सुटत नाही.

आता लोक हमखास टाळतात ती पायरी: टायर आधी इन्सर्टशिवाय बसवा, हवा भरा आणि रात्रभर ठेवा. टेप गळत असेल तर ते आत्ताच कळेल. इन्सर्ट घातल्यावर कळलं तर सगळी कुस्ती पुन्हा. शिवाय नव्या टायरचा बीड एकदा बसून थोडा सैलावतो.

हवा धरली की टायर काढा. इन्सर्ट पाकिटात घडी होऊन आलेला असतो, पंधरा मिनिटं उन्हात ठेवला की नरम पडतो. व्हॉल्वपासून सुरू करून दोन्ही हातांनी ताणत रिमवर चढवा, कुठे पीळ राहिला नाही ना ते पाहा. तो रिमच्या मधल्या नाळीवर बसला पाहिजे.

यापुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. रिमच्या मध्यभागी खोल नाळ असते आणि तिचा घेर कडेच्या घेरापेक्षा लहान असतो. बीड जितका नाळीत, तितकी ढील समोरच्या बाजूला मिळते. साध्या टायरला बीड आपोआप नाळीत पडतो. इथे नाळीवर फोम बसलाय, म्हणून बीड फोमच्या खाली हाताने ढकलावा लागतो. ज्यांचा टायर 'चढतच नाही' त्यांच्यापैकी बहुतेकांचा बीड कुठेतरी फोमच्या वर किंवा कडेच्या पायरीवर (हवा भरल्यावर बीड जिथे टेकतो तिथे) राहिलेला असतो.

पहिली बाजू व्हॉल्वच्या बरोबर समोरून सुरू करा, फोम एका हाताने बाजूला दाबत बीड खाली सरकवा, दोन्हीकडून सारखं येत व्हॉल्वपाशी संपवा. व्हॉल्वपाशीच का, तर तिथे व्हॉल्वच्या बुडामुळे बीड नाळीत उतरूच शकत नाही, म्हणून ती जागा शेवटी ठेवायची. दुसरी बाजू तशीच सुरू करा. तीन चतुर्थांश चढली की सीलंट ओता. २९ × २.४ ला इन्सर्टशिवाय ९० मिली पुरतं, इन्सर्टसोबत १२० घ्या, कारण फोमच्या पृष्ठभागावर बराच द्रव नुसता चिकटून बसतो. चाक उभं धरून, उघडी बाजू वर ठेवून उरलेलं पूर्ण करा.

शेवटची वीतभर जागा म्हणजे खरी परीक्षा. साबणाचं पाणी बीडला लावा. गुडघ्यांनी चाक दाबून समोरचा बीड पुन्हा एकदा पूर्ण घेरभर फोमखाली ढकला. मग लिव्हरने तीन-तीन, चार-चार सेंटीमीटरचे छोटे घास. एकदम मोठा घास घेतला तर लिव्हर तुटतो नाहीतर टेप फाटते. एका टोकाचा चढलेला बीड मागे सरकत असेल तर तिथे दुसरा लिव्हर अडकवून ठेवा. कुशकोअरवाल्यांचं बीड ड्रॉपर म्हणून एक अवजार मिळतं, ते बीड नाळीत दाबून धरतं. दोन चाकं करायची असतील तर पैसे वसूल.

हवा भरताना कोअर काढून पंप मारा. इथे इन्सर्ट मदतच करतो: बीडला आतून बाहेर रेटत असल्याने साध्या फ्लोअर पंपानेही टायर पटकन धरतो. कोअर लावून ३० ते ३५ पीएसआयपर्यंत न्या, टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्यांपैकी जो लहान तो ओलांडू नका. पटपट आवाज येऊन बीड बसेल. रिमलगतची टायरवरची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी घेरभर सारखी दिसली पाहिजे. जिथे ती रिममध्ये बुडाली असेल तिथे साबण लावून पुन्हा हवा. नंतर चाक हलवून दोन्ही अंगांवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवा.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेणार असाल तर नळी स्वतःच्या हातात ठेवा. मोटारसायकलच्या सवयीने तो ४० च्या वर कधी नेईल कळणारही नाही.

निफाडची_वाट

अप्रतिम. बॅकर रॉडचं कुणी बोललं नाही अजून.

चाकधर

चालतो, पण कुठला रॉड यावर सगळं. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात एक्स्पान्शन जॉइंटसाठी मिळतो तो. बंद पेशींचा पॉलिएथिलीन हवा. ओळख सोपी: तुकडा पाण्यात दाबून सोडा. स्पंजासारखा पाणी प्यायला तर उघड्या पेशींचा, तो सगळं सीलंट पिऊन टाकेल.

जाडी आतल्या रुंदीपेक्षा जास्त घ्या. ३० च्या रिमला ३० चाच रॉड घेतला तर तो दोन कडांच्या मधे जाऊन बसतो, वर डोकावतो थोडा, पण खुद्द कडा उघड्या राहतात, आणि आपल्याला झाकायच्या होत्या त्याच. ३५ ते ४० मिमीचा कडांवर पसरतो. फार जाड झाला तर बीडला जागाच उरत नाही.

लांबीचं गणित करत बसू नका. रिमवर गुंडाळा, टोकं जुळतात तिथून चार-पाच सेंटीमीटर कमी कापा, म्हणजे ताणून बसेल. टोकं तिरकी कापा, सांधा लांब होतो. पॉलिएथिलीनला साधा गोंद किंवा झटपट चिकटणारा डिंक धरत नाही. हॉट एअर गनने दोन्ही तोंडं चकाकेपर्यंत तापवून एकमेकांवर दाबून धरा, वर जाड दोऱ्याचे चार टाके. झिप टाय लावलाच तर त्याचं डोकं कुशीला ठेवा, वर टायरकडे नको, खाली टेपकडे तर नकोच.

सातपूर_टूलरूम

त्यात एक मोठी खोट आहे, तीही सांगायला हवी. बंद पेशींच्या फोममध्ये हवेचे बुडबुडे असतात. टायरमध्ये २० पीएसआय भरलं म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या साधारण २.४ पट दाब. मऊ फोमचे बुडबुडे त्या दाबाने आकसतात आणि ४० चा रॉड आत गेल्यावर ४० चा राहत नाही. पोहण्याच्या तलावात लहान मुलं धरतात ते फोमचे दांडे किंवा अंबड-सातपूरकडे यंत्रांच्या पॅकिंगला येणारा पांढरा ईपीई फोम, हे तर फारच मऊ. पहिल्या दिवशी घट्ट, मग सैल होऊन टायरमध्ये फिरायला लागतात. सायकलसाठी बनवलेले इन्सर्ट जास्त दाट फोमचे असतात, पैसे त्याचे आहेत. रॉड घ्यायचा तर हाताला जो सगळ्यात कडक लागेल तो घ्या आणि दर सीलंटच्या वेळी तपासा. हाताने ओढून रिमवर सरकला तर बदला.

पेठरोडवाला

म्हणजे स्वस्तातला उपाय दर हंगामाला पुन्हा करायचा. बघा बुवा.

निफाडची_वाट

हवा किती ठेवायची? कुणी म्हणतं १५ वर चालवा.

कातळकडा

१५ वर ८० किलोच्या माणसाने मुळीच नाही. इन्सर्ट आहे म्हणून टायरची भिंत जाड होत नाही. वळणावर टायर अंगाखाली लोळायला लागतो.

पद्धत अशी. डिजिटल गेजवर आधीचा खरा आकडा लिहून ठेवा. इन्सर्ट टाकल्यावर त्यात दोन कमी. तुमच्या बाबतीत मागे २४ पासून सुरुवात. एकाच ओळखीच्या दगडी उतारावर, दर खेपेला एक-एक पीएसआय कमी करत जा. बोथट 'धप्प' असा आवाज कधीमधी आला तर इन्सर्ट आपलं काम करतोय. दर दगडाला आला तर खाली जाऊ नका. धातूचा 'टण्ण' कधीच येता कामा नये. मुरमाच्या वळणावर मागचं चाक डगमगल्यासारखं वाटलं की एक वाढवून थांबा. बहुतेकांचं मागचं चाक जुन्या आकड्याच्या तीन-चार खाली स्थिरावतं. पुढे इन्सर्ट नसेल तर तो आकडा हलवू नका.

लक्षात घ्या, इन्सर्टने टायरमधली हवेची जागा बरीच कमी केली आहे, साधारण तिसरा हिस्सा. म्हणून पंपाच्या एका दट्ट्याला आकडा आधीपेक्षा जास्त चढतो, आणि तोच पीएसआय खोल दाबताना आधीपेक्षा कडक लागतो. सकाळी सावलीत मोजलेली हवा एप्रिलच्या उन्हात एक-दीडने वाढते, तीही धरा.

निफाडची_वाट

आणि रानात पंक्चर झालं तर?

पेठरोडवाला

इथेच तर दुखणं आहे.

लहान भोक: प्लग. पण सुई पूर्ण दांड्यापर्यंत आत खुपसायची सवय मोडा. ती फोममध्ये घुसते, प्लगचं शेपूट फोममध्ये अडकतं आणि चाक फिरताना फोम हलला की प्लग उपटून येतो. टायरच्या जाडीपुरती, म्हणजे सेंटीमीटरभर आत.

मोठी चीर: दोन पर्याय. सडक जवळ असेल तर इन्सर्टवरच हळूहळू, वजन पुढच्या चाकावर टाकून या. डांबरावर वेगाने लांब आलात तर फोम रिमच्या कडेने कापला जातो आणि टायरची भिंतही जाते. नाहीतर इन्सर्ट काढून ट्यूब घाला. त्यासाठी आधी दोन्ही बीड घेरभर पायरीवरून पाडा. टायर आडवा ठेवून भिंतीवर टाचेने दाबा, रिमवर पाय देऊ नका. इन्सर्ट बाहेर काढला की तो गळ्यातून तिरका खांद्यावर घालून आणायचा. जुना टी-शर्ट किंवा पिशवी सोबत ठेवा, सीलंट कपड्यावरून जात नाही. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढा. ट्यूबलेसमध्ये गुपचूप बसलेले दहा-वीस काटे ट्यूबला एकदम भेटतात.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने भरलं तर काही लेटेक्स सीलंट थंडीने गोठून गोळे होतात. हातपंप बरा.

मुरूमवाट

सगळ्यांच्या सूचनांप्रमाणे मागे बसवला. इन्सर्टशिवायची कोरडी चाचणी केली होती तेव्हा हवा रात्रभर टिकली. आता मात्र सकाळपर्यंत २२ वरून १४ वर येते. साबणाच्या पाण्यात बीडला बुडबुडे नाहीत, टायरच्या माथ्याला नाहीत. स्पोकच्या निपलपाशी (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटापाशी) दोन ठिकाणी बारीक फेस दिसतो, व्हॉल्वच्या नटपाशीही थोडा.

सातपूर_टूलरूम

निपलपाशी फेस म्हणजे हवा टेपखाली शिरून रिमच्या पोकळीतून बाहेर येतेय. जिथे फेस दिसतो तिथेच भोक असेल असं नाही, पोकळी सगळीकडे जोडलेली असते. कोरड्या चाचणीत टेप धड होती, म्हणजे दुसऱ्यांदा चढवताना लिव्हरचं टोक लागलं असणार. बहुधा व्हॉल्वच्या आसपासच, कारण शेवट तिथे केला.

आधी सोपं करून पाहा. नट बोटांनी अर्धा फेरा आवळा, कोअर चावीने तपासा. मग कोअर काढून सिरिंजने ३० मिली सीलंट द्या, व्हॉल्व घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवून, म्हणजे आत साचलेलं उलटं बाहेर येणार नाही. ३० पर्यंत हवा भरून चाक फिरवा आणि व्हॉल्व खाली येईल असं रात्रभर उभं ठेवा. टोच्याएवढं भोक असेल तर सीलंट भरून काढतं.

दोन दिवसांत थांबलं नाही तर टायर उतरवून टेप बदलणं आलं. नुसतं ठिगळ लावू नका, सीलंटने ओल्या झालेल्या टेपवर दुसरी टेप धरत नाही. काढलेला इन्सर्ट साध्या पाण्याने धुवा, वाळलेलं लेटेक्स बोटांनी सोलून निघतं. रिमच्या कडेच्या रेषेत फोमवर काप दिसतात का तेही पाहून घ्या.

चाकधर

एक भर. इन्सर्ट असताना चाक हलवून सीलंटचा खळखळाट ऐकू येत नाही आणि व्हॉल्वमधून काडी घालून मोजायला गेलं तर ती फोमला टेकते. म्हणून तारखेवर चालायचं. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर चार-पाच आठवड्यांनी ५० मिली, पावसाळा-हिवाळ्यात दोन महिन्यांनी. तारीख पेनने टेपच्या तुकड्यावर लिहून स्पोकला चिकटवा.

मुरूमवाट

३० मिली दिलं, नट आवळलं. नटपाशीचा फेस थांबला, निपलपाशी एकाच ठिकाणी उरलाय. रात्रीत २२ ची २० होते. टेप आणून ठेवतो.

सातपूर_टूलरूम

२० वर टिकत असेल तर अजून एक रात्र द्या, पण यावेळी चाक आडवं ठेवून, अर्धी रात्र एका अंगावर, अर्धी दुसऱ्या. टेपची कड रिमच्या भिंतीला लागते तिथे सीलंट उभ्या चाकात पोचत नाही.